आमची सुट्टी २६ मेपासून

सिंधुदुर्गात उन्हाळी सुट्टी २६ मेला सुरू होते. पोरांची नव्हे. पोरांची केव्हाच सुरू होऊन संपत आलेली असते. मी आईबापांच्या सुट्टीबद्दल बोलतोय. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवायच्या, असा सागरी मंडळाचा दंडक आहे. मग किल्ल्याची होडी वर ओढून झापांखाली जाते, बनाना बोटीतली हवा निघते, पॅरासेलिंगचं छत्र घडी होऊन माळ्यावर चढतं. दोन महिने "या, बसा, जॅकेट घाला, फोटो नंतर" एवढीच चार वाक्यं बोललेला माणूस घरी येतो, पाटावर बसतो आणि बायकोला विचारतो, "पोरांची सुट्टी किती दिस रवली?"

शाळा जूनच्या मध्याला. म्हणजे तीन आठवडे, तेही जेमतेम. आणि मग त्या घरात, जिथून लाटेचा आवाज चोवीस तास ऐकू येतो, कोणीतरी म्हणतं, "वॉटर पार्कला जाऊया."

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा. १९९७ साली तसं जाहीर झालं. त्याच्या आधी सोळा वर्षं, १९८१ च्या महाराष्ट्रदिनी, रत्नागिरीतून काढून नुसता जिल्हा केला होता. पर्यटन जिल्हा म्हणजे काय, असं आम्हाला लहानपणी कोणी विचारलं असतं तर आम्ही समुद्र, किल्ले, सोलकढी वगैरे लिहिलं असतं आणि पाचपैकी चार गुण मिळवले असते. आता व्याख्या सोपी झाली आहे. ज्या जिल्ह्यातल्या माणसाला सुट्टीत कुठेही जाता येत नाही, तो पर्यटन जिल्हा. दिवाळीत पाहुणे, नाताळात पाहुणे, मे महिन्यात तर पाहुण्यांना खोली देऊन आपण पडवीत. मधल्या शनिवार-रविवारी कोल्हापूर येऊन जातं.

देवबागेत माझा एक मित्र आहे. दोन खोल्यांचा होमस्टे, अर्ध्या भागीची होडी, एक आई, एक बायको, दोन मुलं. यंदा त्याच्या धाकट्याने खोपोलीकडच्या वॉटर पार्कचा हट्ट धरला. दोष पाहुण्यांचा. पुण्याचं एक कुटुंब त्यांच्याकडे उतरलं होतं. त्यांचा मुलगा झोपाळ्यावर बसून, समोर कर्लीची खाडी समुद्राला मिळताना बघत म्हणाला, "इकडे राईड्स कमी आहेत." एवढंच. पाहुणे रविवारी गेले, वाक्य राहिलं. धाकट्याला पहिल्यांदाच कळलं, की आपण ज्याला घर समजतो तो एक अपुरा प्रकल्प आहे.

आजीने बाजू मांडून पाहिली. "दर्यो हयसर दारात आसा, आनि भिजूक खोपोलेक कित्याक जावचा?"

"दर्याक घसरगुंडी खंय आसा?" धाकटा म्हणाला. खटला तिथेच निकाली निघाला.

खरं सांगायचं तर राईड्स कमी नाहीत, मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं. देवबागच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीत वर आला असं सांगतात, म्हणून त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. हजारोंच्या जिवावर उठलेल्या लाटेचं नाव देऊन त्यावर भजी विकणं हे फक्त पर्यटनालाच जमतं. तिथे जेट स्की आहे, बंपर आहे, बनाना आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग आहे, स्कुबा आहे. हा सगळा गोंगाट मालवण सागरी अभयारण्याच्या अंगाखांद्यावर चालतो. होय, अभयारण्य. १९८७ सालचं, २९ चौरस किलोमीटरांचं. भय कोणाला नसावं, याचा खुलासा अधिसूचनेत असेल.

मालवण हे थीम पार्क आहेच. फक्त त्याला फाटक नाही, तिकीटखिडकी नाही आणि व्यवस्थापक नाही. येणारा माणूस मात्र फाटकातून आल्यासारखाच येतो. त्याचे प्रश्न ऐका. डॉल्फिन शो किती वाजता? किल्ला पॅकेजमध्ये आहे का? लाटा आज एवढ्या लहान का? सुरमई संपली म्हणजे काय, मागच्या बाजूला समुद्र आहे ना? २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि उभा राहायला तीन वर्षं लागली, तो बघायला होडीवाला तासाभराची मुदत देतो. पाहुणा चाळीस मिनिटांत परत. ४८ एकर, महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर, खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी, एवढं सगळं उरकून उरलेल्या वीस मिनिटांत तो शहाळं पितो आणि विचारतो, "आता पुढे काय?"

आणि हे सगळे लोक आयत्या वेळी ठरवून आलेले असतात. २७ मेला फोन येतो. "उद्या निघतोय. स्कुबा, किल्ला, डॉल्फिन, दोन दिवसांत बसवा."

"समुद्र बंद आहे साहेब."

"बंद म्हणजे? सोमवारी असतो का सुरू?"

मित्र हे सांगून हसतो, पण या बंदीवर त्याच्या घरात कोणी विनोद करत नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. बंदी लागायला दोन दिवस होते. मे महिन्याच्या शेवटी वारं बदलतं हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पण शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईकही शेवटचं असतं, आणि त्याला परत पाठवायला वाऱ्यापेक्षा मोठं काळीज लागतं. २०२५ साली पावसाने प्रश्नच ठेवला नाही. २५ मेला मोसमी पाऊस देवगडात दाखल, २६ ला होड्या बंद. सरकारी तारखेशी निसर्ग इतका इमानदारीने वागल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. त्या आठवड्यात पुण्याहून आलेले लोक खोलीच्या खिडकीतून समुद्र बघत होते आणि मित्राकडे पैसे परत मागत होते. आकाशाकडे मागायची सोय नव्हती.

बरं, सरकारला आमच्या पोरांची कळकळ नाही असं कोण म्हणतं? मालवण तालुक्यातच, तोंडवळी-वायंगणीच्या पठारावर 'सी वर्ल्ड' उभं राहणार होतं. मोठमोठी मत्स्यालयं, खेळ, हॉटेलं. त्यासाठी सुरुवातीला तेराशे एकरांहून जास्त जमीन मागितली गेली. आता थोडं गणित. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं, तेव्हा संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन वॉल्ट डिस्नेला पुरली होती. त्यात त्याने किल्ला बसवला, नदी बसवली, जंगल बसवलं, आगगाडी फिरवली. आमच्या माशांना मात्र तेराशे एकर हवे होते, आणि तेही समुद्राच्या शेजारी, जिथे मासे फुकट राहतात. गावकऱ्यांनी विरोध केला. आकडा खाली आला. मंत्री बदलले, घोषणा तीच राहिली. जिल्ह्यात सर्वांत जास्त वर्षं चाललेली राईड हीच म्हणायची. वर जाते, खाली येते आणि बसलेल्याला होता तिथेच उतरवते.

डिस्नेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. उद्घाटनाच्या आधी तिथे नळकारागिरांचा संप झाला होता. हातात वेळ नव्हता. संडास चालू करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ, दोन्हींपैकी एकच जमणार होतं. डिस्नेने संडास निवडले आणि कडक उन्हात आलेल्या पाहुण्यांनी कोरड्या नळांवरून त्याला शिव्या घातल्या. मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला की आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक होमस्टेवाला हाच प्रश्न सोडवतो, आणि डिस्नेचं चरित्र न वाचता याच उत्तराला पोचतो.

सी वर्ल्डनंतर पाणबुडी येणार होती. आता निवतीजवळ समुद्राच्या तळाशी 'आयएनएस गुलदार' बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही बोट. निवृत्तीनंतर कोकणात येऊन पर्यटनाचा धंदा काढणारी ती काही पहिली नव्हे.

तर मित्राचं कुटुंब निघायला तयार झालं. कुठे, हा वाद फारसा झाला नाही. आमच्या पिढीत मुंबईचं एस्सेलवर्ल्ड होतं, १९८९ सालचं. गोराईला खाडी ओलांडून जायचं. मालवणची पोरं मे महिन्यात मुंबईच्या मामाकडे जाऊन, लोकलने बोरिवली गाठून, शेवटी होडीत बसायची आणि घरी येऊन होडीचं वर्णन करायची. ते आता बंद पडलं. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे, लोणावळ्याच्या बाजूला वॉटर पार्कं आहेत. मित्राने त्या पट्ट्यातलं एक निवडलं. कुठलं ते सांगत नाही. जाहिरातीचे पैसे मला आलेले नाहीत.

जायचं कसं, हा खरा प्रश्न. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे मार्चच्या अखेरीला, जेव्हा पोरांची परीक्षा असते, बाप खोल्यांना रंग काढत असतो आणि आजी आंब्याच्या मोहराकडे बघून सुस्कारे टाकत असते. त्या दिवशी वॉटर पार्क कोणाच्या डोक्यात असतं? उरलं तत्काळ. आदल्या दिवशी एसीचं दहाला उघडतं, बाकीचं अकराला. त्यात मे महिन्याच्या शेवटी मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी चाकरमान्यांची. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, कुठलीही घ्या. माणसं कमी, हापूसच्या पेट्या आणि फणस जास्त. दहा वाजून दोन मिनिटांनी मित्राच्या मोबाइलवर चक्र फिरत होतं आणि दहा वाजून तीन मिनिटांनी प्रतीक्षा यादी आली होती. चिपीला विमानतळ आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालंय, पण त्यांच्या हिशेबात विमान नव्हतं. विमानाच्या हिशेबातही ते नव्हते.

आयत्या वेळी प्रवास ही काही आम्हाला नवी गोष्ट नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली तिथीच नाही. देवीचा कौल घेतात आणि तारीख ठरते. ठरली की लाखो माणसं तिकिटांमागे धावतात, रेल्वे जादा गाड्या सोडते आणि सगळे पोचतात. का पोचतात? कारण तिथे न पोचण्याची सोय नाही. वॉटर पार्कला अजून देवत्व आलेलं नाही, म्हणून हाल.

एसटी ठरली. ठरवली आजीने. तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, म्हणजे राज्यभर मोफत. "माका फुकट आसा, मगे मी कित्याक रवतंय घरात?" बायकोला आणि थोरल्या मुलीला महिला म्हणून अर्धं तिकीट. धाकटा बाराच्या आतला, त्यालाही अर्धं. संपूर्ण घरात पूर्ण भाड्याचा एकच माणूस उरला, आणि पैसेही त्यालाच भरायचे होते.

पण घर सोडणं इतकं सोपं नव्हतं. २६ मेनंतर होडीवाला रिकामा होतो, घर नाही. पावसाळ्याआधीची आगोट असते. लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, पडवीला झडी बांधायची, सोलं वाळवून बरणीत, फणसाची साठं उन्हात, आणि ऊन तर आता दोन दिवसांचं पाहुणं. एक जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा सुकं भरायचं तेही आधी. आजीने ही यादी म्हणून दाखवली आणि मग शांतपणे म्हणाली, की आपण तर जातोय, सुनेने मागे राहून करावं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कौलांकडे. शेवटी दोन दिवसांत पाच दिवसांचं काम झालं. भारतात लोकांना वेळेचं व्यवस्थापन शिकवायला जे व्याख्याते फिरतात त्यांना आगोटीच्या दिवसांत देवबागेत आणून एक झडी बांधायला द्यावी.

वाटेत कोल्हापूर. कोल्हापुरात अंबाबाई, हे कोणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच असतं. मग कोणीतरी सुचवलं, आलोच आहोत तर कणेरी मठ. तिथल्या ग्रामजीवन संग्रहालयात जुनं गाव उभं केलं आहे. नांगरणारा शेतकरी, कुंभार, लोहार, जात्यावरच्या बायका, सगळे माणसाच्या मापाचे, अगदी जिवंत वाटतात. पुण्या-मुंबईची मुलं आ वासून बघत होती. आजी नांगरापाशी बराच वेळ थांबली. मग नातवाला म्हणाली, "तुझ्या बापाशीन आमचो नांगर इकल्यान, आनि आता पैशे देवन नांगर बघूक इलो." बापूस ऐकू न आल्यासारखं करून शेजारच्या बैलाचा फोटो काढत राहिला. नांगर विकून आलेल्या पैशात होडीची अर्धी भागी घेतली होती, आणि त्याच भागीच्या कमाईवर ही सहल निघाली होती. पण हे तिथे सांगणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी पार्क. दारात पहिला धक्का. धाकट्याला एसटीसाठी लहानपणापासून तयार केलेलं होतं. कंडक्टर आला की पाय पोटाशी घ्यायचे आणि विचारलं तर वय एक वर्षाने कमी सांगायचं. इथे वय कोणी विचारलंच नाही. भिंतीवर पट्टी होती, मुलांचं तिकीट उंचीवर. इतक्या वर्षांची तालीम वाया गेली. बापाने पोराला हळूच म्हटलं, "वायच वाक." पोरगा ताठ उभा राहिला. मोठ्या घसरगुंडीला बसायला तेवढी उंची लागते, हे त्याने आदल्या रात्री मोबाइलवर वाचलं होतं. बाप पैशांसाठी त्याला दाबत होता आणि पोरगा इभ्रतीसाठी वाढत होता.

दुसरा धक्का डब्याचा. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आजीकडे घावणे होते, लसणीची चटणी होती, सुक्या बांगड्याचं किसमूर होतं. तिने रखवालदाराशी वाद घातला नाही. बाजूच्या कट्ट्यावर बसली, सगळ्यांना वाढलं, रखवालदारालाही एक घावणं दिलं, आणि पोटात घालून सगळा डबा आत नेला.

आत मित्राचं कशातच मन लागेना. नवरा सहलीला आलाय की पाहणी करायला, असं बायको दोनदा म्हणाली. तो जीवरक्षक मोजत होता. रांगेच्या दोऱ्या कशा बांधल्यात ते बघत होता. प्रत्येक घसरगुंडीच्या तोंडाशी एक पोरगा उभा, तो हात दाखवतो तेव्हाच पुढचा माणूस सुटतो. उंची नाही भरली तर नाही म्हणजे नाही, मग बाप कितीही ओळख सांगो. मित्र मला नंतर म्हणाला, "आमच्याकडे शंभर किलोचा माणूस पॅरासेलिंगला येतो, त्याका नको म्हटलं तर शेजारच्याकडे जाता. हयसर शेजारी नाय रे. म्हणान नियम आसा." पर्यटनावरच्या परिसंवादांत मी बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं थोडक्यात कोणी बोललं नव्हतं.

कृत्रिम लाटांच्या तलावापाशी मात्र तो हरला. भोंगा वाजला, यंत्राने लाट सोडली, चारशे माणसं एकदम किंचाळली. देवबागचा हा माणूस, ज्याने उधाणात होडी काढली आहे, गुडघाभर पाण्यात उभा राहून बायकोला सांगत होता, "पुढे जाव नको, खालसून ओढ आसा काय बघूक व्हया." ओढ नव्हती. खाली निळ्या फरश्या होत्या. पोरं केव्हाच आत शिरून खिदळत होती आणि आजी काठावरच्या खुर्चीत बसून लाट मोजत होती. सातवी मोठी येते म्हणतात, इथे सगळ्या सारख्याच येत होत्या. तिला ते फसवणुकीचं वाटलं.

तेवढ्यात पाऊस आला. मुंबईकर छपराखाली पळाले, भिजू नये म्हणून. वॉटर पार्कमध्ये. मालवणकर होते तिथेच राहिले.

धाकट्याने ती मोठी घसरगुंडी गाठलीच. सोबत बाप. वरच्या टोकाला हात दाखवणारा पोरगा वीस-बावीसचा, भिजून कुडकुडत उभा. गर्दी पांगली होती म्हणून बोलला.

"कुठून आलात?"

"मालवण."

पोराचा चेहरा उजळला. "काय सांगता! आमचा इथला ग्रुप यायचाय मालवणला. बारा जण. स्कुबा, बनाना, सगळं करायचंय. इकडे रोज तेच पाणी बघून कंटाळा आलाय. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का, स्वस्तात?"

मित्र घसरगुंडीच्या तोंडावर बसलेला. दोन्ही हात छातीवर आडवे, पाय पुढे, सूचनेप्रमाणे. त्याच अवस्थेत त्याने धंद्याचा आवाज लावला.

"डिसेंबर फुल्ल आहे. मे पण भरत आला. जूनमध्ये या, निम्म्या भावात देतो. फक्त समुद्र बंद असतो."